पिंपळघाटावरचं मुंबईचं मीठ

मोटार आली ती बैलगाडीतून, कडब्याच्या गादीवर आडवी पडून. गावातल्या आजाऱ्याला आर्वीच्या दवाखान्यात नेतानाही कोणी एवढा कडबा अंथरत नसे.

डोंग्याच्या मागच्या फळीला अडकवायची ती मोटार होती. वर डोकं, खाली लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पात्यांची भिंगरी. तिची आधीची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत, समुद्राच्या पाण्यात झालेली. तिथून कुठल्याशा सरकारी गोदामात, तिथून वर्ध्याच्या एका कचेरीत ती पोचली आणि कचेरीतल्या टेबलांना तिचा काही उपयोग सुचेना, म्हणून सन चौपन्नच्या आखाडात रोहण्याच्या पलीकडे, वर्धा नदीवरच्या पिंपळघाटाला रवाना झाली. सरकारी वस्तू एकदा चालायला लागली की कुठे थांबेल त्याचा नेम नसतो.

पिंपळघाटावर डोंगा चालवायचा कवडू ढिवर. त्याआधी त्याचा बाप, त्याआधी आजा. ऐल तीर वर्धा जिल्ह्याचा, पैल तीर अमरावतीचा, आणि मधल्या पाण्यावर राज्य कवडूच्या बांबूचं. मोटारीसोबत एक छापील इंग्रजी कागद आला होता आणि साहेबांचं एक मराठी पत्र. दोन्ही वाचायचा मान शाळेच्या घनश्याम मास्तरांचा, आणि ते परगावाहून परतेपर्यंत मोटार दहाएक दिवस चालून चुकली होती. पत्रात लिहिलं होतं, की मार्गशीर्षात साहेब स्वतः तपासणीला येतील. मोटार कागदाबरहुकूम ठेवलेली आणि चालू आढळली तर घाट कवडूकडे राहील. नाहीतर तो आर्वीच्या भैय्याजी ठेकेदाराला देण्यात येईल, त्यांचा अर्ज येऊन पडलेलाच आहे.

घाट गेला तर तो करणार काय होता? त्याला वावर नव्हतं, दुसरा धंदा येत नव्हता, आणि जमिनीवर चालताना तो जरा तिरपाच चालायचा.

"कागदात काय लिवलं हाये, मास्तर?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "दर वापरानंतर खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढावे. त्यासाठी मोटार पाण्याच्या पिंपात टांगून दहा मिनिटे चालवावी. आणि खाली साहेबांची शाई आहे, तंतोतंत पालन व्हावे, नोंदवही ठेवावी."

कवडूनं डोकं खाजवलं. "पन मास्तर, आपल्या नदीचं पानी तं गोडंच हाये. मंग धुवाचं काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तिथंच गाडी थांबली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मास्तरांना बरोबर प्रश्नाचा फार राग येई. वर्गात अशा प्रश्नाला ते छडी दाखवत. इथं समोर चाळिशीचा माणूस होता, म्हणून त्यांनी तर्क दाखवला.

"असं पाहा कवडू. ज्या पाण्यात वापरली त्याच पाण्यानं धुतली, तर त्याला धुणं म्हणतील का? तू जेवल्यावर खरकट्या पाण्यानंच हात धुतोस का? साहेब विचारतील, वेगळं पाणी कुठलं वापरलं? काय सांगशील?"

नदीचं पाणी बाद झालं आणि विहिरीचं मुक्रर झालं. मास्तरांनी तिथल्या तिथं नोंदवहीला रेघा मारल्या आणि वर मथळा घातला, 'विहिरीच्या पाण्याने धुतल्याची नोंद'.

गावात विहिरी दोन. एक गोडी विहीर, शकुबाईच्या संत्र्याच्या बागेत. सगळं गाव तिचंच पाणी प्यायचं. दुसरी घाटाला लागून, खारी. तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हशी तेवढ्या न्हातात, तेही नाइलाजानं. कवडू अर्थात गोड्या विहिरीकडे निघाला, आणि शकुबाईनं त्याला फाटकातच उभं केलं.

शकुबाईचा राग आठ दिवसांचा, चांगला मुरलेला होता. त्याचं कारण सांगायचं तर घाटाची रीत सांगायला हवी. मागे राहिलेल्या तीरावरून कोणी हाळी दिली, "ओ कवडूऽऽ", की डोंगा मध्यावर असला तरी परत फिरायचा. आजाच्या काळापासूनचा हा कायदा होता, न लिहिलेला, म्हणूनच आजवर पाळला गेलेला. कवडूचा कान असा की नुसत्या हाळीवरून माणूस ओळखावा. पण मोटार लागली आणि तिच्या भडभडाटापुढे हाळी ती काय ऐकू येणार? शकुबाई पलीकडे लेकीकडे, नलूकडे गेलेली. परतताना तिनं घाटावरून सहा हाका मारल्या. कवडू तिच्या डोळ्यांसमोर, पाठ करून, ऐटीत निघून गेला. नलूच्या सासूचा निरोप घेऊन, डोळे पुसून, निघालेली बाई तासाभरानं गाठोडं घेऊन पुन्हा त्याच दारात उभी. विहीणबाईनं "या" म्हटलं, पण म्हणण्याआधी जरा थांबली. ते थांबणं शकुबाईच्या काळजात रुतून बसलं होतं.

"माह्या विहिरीचं पानी माणसाले हाये," ती म्हणाली. "ज्या मशिनीले माणूस ऐकू येत नाई, तिले थेंब देनार नाई. आन काय रे कवडू, नदीत बुडून बाहेर आलेल्या वस्तूले आंघोळ घालाले तुले कोनी सांगतलं?"

"कागदात लिवलं हाये ना, शकुमाय."

"मंग कागदालेच माग पानी."

कवडू परत आला. साहेबांच्या शाईतलं 'तंतोतंत' त्याच्या डोक्यात घोळत होतं. धुणं तर झालंच पाहिजे. आणि मथळ्यात नुसतं विहिरीचं पाणी लिहिलेलं, कोणत्या विहिरीचं ते कुठं लिहिलं होतं? खाऱ्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ होतं आणि हाताशी होतं. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि तेही म्हणाले, "विहीर ती विहीर."

त्या दिवसापासून पिंपळघाटावर एक नवा नेम सुरू झाला. संध्याकाळी शेवटची खेप झाली की कवडू मोटार खांद्यावरून वर आणायचा, पिंपाला टांगायचा, त्याची बायको रुखमा खाऱ्या विहिरीवरून तांब्याच्या गुंडानं पाणी आणून, गुंडावर गुंड ओतायची, आणि मोटार दहा मिनिटं पिंपात गरगरत घुमायची. मास्तर घड्याळ धरून उभे. मग मोटारीला फडक्यानं पुसून, हळदकुंकू लावून छपरीत निजवायचं. पाणी उद्यालाही चालेल म्हणून पिंपात चार-चार दिवस तेच राहायचं, वरून भर पडायची तेवढी. कवडूचा तिच्यावर जीव जडला होता, हे कबूल केलं पाहिजे. इतक्या लाडानं त्यानं स्वतःच्या अंगालाही कधी पाणी लावलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला चमत्कार झाला. मोटारीच्या कुशीत एक भोक होतं, आत फिरून तापलेलं पाणी तिथून बाहेर पिचकारायचं. त्या भोकाभोवती पांढरी खरपुडी धरली. कवडूनं नखानं खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"खारट!" तो ओरडला. "मास्तर, मुंबईचं मीठ निघून राह्यलं!"

मास्तरांनी चव घेतली. खारटच. त्यांचे डोळे पाणावले. ज्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला होता तो असा खरा ठरला होता. त्यांनी वहीत नोंद केली, 'आज समुद्राचे मीठ निघाले. अंदाजे अर्धा चमचा.'

बातमी गावभर झाली. पिंपळघाटात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. आता तो घरबसल्या चाखायला मिळतोय म्हटल्यावर रांग लागली. कोणी म्हणे चव कडसर आहे, कोणी म्हणे माशाचा वास येतो. म्हाताऱ्या भागीरथाबाईनं एक कण कागदाच्या पुडीत बांधून देवघरात ठेवला. "काशी झाली नाई, द्वारका झाली नाई," ती म्हणाली, "समुद्र तेवढा दारी आला बाप्पा." पैल तीरावरून माणसं खास मीठ पाहायला येऊ लागली. कवडू छाती काढून सांगायचा, "बारा वर्साचं साचलं हाये पोटात. निघता निघता निघंल."

आणि मीठ निघतच राहिलं. जितकं धुवावं तितकं जास्त. कवडूनं धुणं दिवसातून दोनदा केलं, मग तीनदा. मास्तरांची वही भरत आली. फक्त मोटार काही खुश दिसेना. पिचकारी बारीक झाली, मग नुसती ठिबकू लागली. डोकं तापून लाल व्हायचं, नदीच्या मध्यावर ती खोकायची, आणि साहेबांच्या तपासणीला आठ दिवस उरले असताना एका सकाळी ती चार हात चालून बंद पडली. दोरी ओढून ओढून कवडूचे दंड भरून आले. चालू झाली की घटकाभरात तापून पुन्हा बंद.

कवडूनं जेवण सोडलं. घाटावर बसून तो पाण्याकडे बघत राहिला. या पाण्यावर आजानं बापाला पोहायला शिकवलं होतं, बापानं त्याला. आता भैय्याजीचा नागपूरहून आणलेला डायवर इथं बिडी ओढत बसणार आणि कवडू त्याच घाटावरून, दुसऱ्याच्या डोंग्यातून, मजुरीला जाणार. त्याला सरळ सरळ रडू आलं आणि त्यानं ते रुखमापासून लपवलंही नाही.

"आवो, अजून एकडाव धुवून पाहू का?" रुखमा म्हणाली. तिला दुसरं काय सुचणार?

त्याच दुपारी शकुबाई आली. राग तिचा तसाच होता, पण सगळ्या गावानं चाखलेली वस्तू आपण एकटीनं चाखली नाही, हे तिला झोपू देत नव्हतं. कोणाशी न बोलता ती पिंपाजवळ गेली, खरपुडीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि थू करून थुंकली.

"समुद्र कुठचा रे, मुडद्या! हे तं आपल्या खाऱ्या विहिरीचं मीठ हाये."

शकुबाईनं पदरानं जीभ पुसली.

"मी या गावात सून म्हून आली, तवा गोडी विहीर नोती. सा महिने ह्येच पानी पेलं, ह्याच पान्यात न शिजलेली डाळ खाल्ली. ही चव मले मरतानी बी ओळखू येईन. रुखमा, तुह्या घरचा गुंड आन इकडं."

रुखमानं खाऱ्या विहिरीचं पाणी भरायचा तांब्याचा गुंड आणला. शकुबाईनं आत बोट फिरवून बाहेर काढलं. तीच पांढरी खरपुडी. गुंडातला एक आणि मोटारीचा एक, असे दोन तुकडे तिनं कवडूच्या तळहातावर ठेवले, आणि फरक दाखव म्हणाली. कवडूनं दोन्ही चाखले. मग मास्तरांनी चाखले. मास्तर खाली बसले.

"म्हणजे आपण..." मास्तर वहीची पानं मागं उलटू लागले.

"म्हंजे तुमी गोड्या पान्यातून काढून तिले रोज खाऱ्यात बुचकळून राह्यले," शकुबाई म्हणाली. "नदीत टांगून ठेवली असती तं पोरीसारखी नांदली असती."

म्हातारी भागीरथा तेवढी म्हणाली, की देवघरात गेलं ते गेलं, आता ती पुडी काही बाहेर काढणार नाही.

कवडू शकुबाईच्या पायाजवळ वाकला. "शकुमाय, घाट जाते माहा. काई कर."

शकुबाईनं गुंड उचलून रुखमाच्या हाती दिला.

"गुंडाची खरपुडी बाया कायनं काढतेत? चिचेनं. मागच्या सालची मडकंभर चिच हाये माह्या घरी. पान्यालेही या, विहिरीवर. पन एक वचन पायजे."

"माग."

"नदीच्या मधात गेला का मशीन बंद कराची. हाळी ऐकाची. कोनी नसंल तं पुढं जाजो. हरेक खेपेले."

कवडूचा चेहरा उतरला. "सायेबासमोर बी? आन पुन्हा चालू नाई झाली तं?"

"मंग सायेबाले बी कळू दे, मधात अडकल्यावर कसं वाटते ते."

कवडूनं नदीत उतरून ओंजळीत पाणी घेतलं आणि वचन दिलं.

पुढचे चार दिवस मोटारीनं जे खाल्लं ते कुठल्या मोटारीनं खाल्लं नसेल. बायांनी चिंच भिजवली, कोळली, गाळली, ऊन करून पिंपात ओतली. नरसाळं लावून भोकातून आतही सोडली. दुपारभर पिंपात फसफस चालली होती. मग गोड्या विहिरीचे वीस गुंड, मग पुन्हा चिंच. पाचव्या दिवशी कवडूनं दोरी ओढली. मोटार शिंकली, हबकली, आणि तिच्या कुशीतून तांबूस पाण्याची अशी पिचकारी सुटली की मास्तरांचं धोतर रंगलं. त्यांनी वहीत काय लिहावं यावर बराच विचार केला आणि शेवटी 'धुतली' एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं.

साहेब आले. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, मागे शिपाई रामाजी, आणि सोबत भैय्याजी, सहज आल्यासारखं हसत. साहेबांनी वही चाळली, पानंच्या पानं 'धुतली, धुतली' बघून मान डोलावली, आणि म्हणाले, "ठीक. आता पलीकडे नेऊन आण."

डोंग्यात साहेब, भैय्याजी, मास्तर बसले. मोटार पहिल्याच ओढीला सुरू झाली. काठ मागे पडू लागला. कवडूचा हात मोटारीच्या मुठीवर आणि डोळे पाण्यावर होते, पण मनात एकच चाललं होतं. शकुबाई इथं नाही. बंद नाही केली तर तिला कळायचंही नाही. आज एक दिवस. फक्त आज. उद्यापासून हरेक खेपेला करीन.

मध्य आला. त्याच्या ओंजळीला ते पाणी आठवलं. एक शिवी हासडून, कोणाला ते त्यालाच ठाऊक, त्यानं मोटार बंद केली.

नदीवर एकदम शांतता पसरली.

"पडली बंद!" भैय्याजी टाळी वाजवून म्हणाले. "मैं बोला था साहेब! अशानं लोक बुडतील एक दिवस."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "काय झालं रे? बिघडली?"

"बिघडली नाई सायेब. जरा थांबा." कवडूनं कानाला हात लावला. "आयकू द्या."

साहेबाला गप्प बसवणारा माणूस भैय्याजींनी प्रथमच पाहिला. साहेबही इतके चकित झाले की खरंच गप्प बसले.

आणि मागून, ऐल तीरावरून, हाळी आली.

"ओऽऽ कवडूऽऽ!"

"शकुमाय हाये," कवडू म्हणाला. "मांगं काई तरी राह्यलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. काठावर शकुबाई दोन्ही हात तोंडाशी धरून उभी होती आणि तिच्या शेजारी शिपाई रामाजी, साहेबांच्या शिक्क्याची पेटी छातीशी धरून, हातातला जेवणाचा डबा हलवत नाचत होता. बिचारा झाडामागे गेला होता, तेवढ्यात डोंगा सुटला. केव्हाचा बोंबलत होता, पण त्याचा आवाज फायलींच्या कामाचा, पाण्यावरून जाणारा नव्हता.

"अरे, रामाजी!" साहेब म्हणाले. "शिक्का तर त्याच्याकडेच आहे!" डब्याचं ते बोलले नाहीत, पण नजर डब्यावर होती.

आता परत फिरायचं म्हणजे मोटार चालू व्हायला हवी. कवडूनं दोरी ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा ओढली. घुर्र करून गप्प. भैय्याजींनी पुन्हा हसायची तयारी केली. कवडूनं डोळे मिटले, आजाचं नाव घेतलं, आणि तिसऱ्यांदा सगळा जीव लावून दोरी ओढली. मोटार भडभडून उठली. पिचकारी सुटली, धूर निघाला आणि डोंगाभर एक आंबट, ओळखीचा वास दरवळला.

साहेबांनी नाक वर केलं. "कोणाकडे तरी चिंचेचं सार शिजतंय वाटतं?"

मास्तरांनी वहीत डोकं खुपसलं. कवडू म्हणाला, "गाव हाये सायेब, शिजते काई ना काई."

रामाजी चढला, शिक्का चढला, डबा चढला. डोंगा पलीकडे जाऊन परत आला. साहेबांनी वहीवर लिहिलं, 'मोटार उत्तम स्थितीत. घाट कवडू ढिवर याजकडेच राहावा,' आणि शिक्का मारला. भैय्याजींना आर्वीत काहीतरी काम निघालं. कवडूनं शिक्क्यावरची ओली शाई फुंकून वाळवली आणि वही डोक्याला लावली.

पंधरा दिवसांनी कचेरीतून एक नवा हुकूम आला. मास्तरांनी तो दोनदा वाचला. पिंपळघाटाच्या अनुभवावरून ठरवण्यात आलं होतं, की मोटार-डोंगा नदीच्या मध्यावर प्रत्येक खेपेला दोन मिनिटे थांबवावा, जेणेकरून इंजिनास विश्रांती मिळेल. नोंदवही ठेवावी.

"ऐकाचं काई लिवलं हाये का त्यात?" कवडूनं विचारलं.

"नाही. विश्रांतीचं आहे."

"मंग तुमी विश्रांती लिवजा," कवडू म्हणाला. मोटार आता तो धूत नसे. रात्रंदिवस ती नदीतच टांगलेली असे आणि तब्येतीनं सुधारली होती.

त्याच संध्याकाळी शकुबाई नलूकडून परतत होती. डोंग्यात ती आणि कवडू, दोघंच. मध्य आला, कवडूनं मोटार बंद केली. डोंगा हळूहळू पाण्यासोबत सरकत राहिला. मागच्या काठावर एक बगळा तेवढा उभा होता. शकुबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तिला घरी जाऊन चूल पेटवायची होती.

"कोनी नाई रे," ती म्हणाली. "चाल आता."

कवडू मागच्या काठाकडे कान लावून बसला होता.

"थांब, शकुमाय," तो म्हणाला. "त्या दिशी बी मले असंच वाटलतं, का कोनी नाई."